नऊ चमचे

आधी कोंबड्यांना कळलं.
एजे ताटातला मांसाचा तुकडा
ओढणीच्या टोकात गुंडाळून अंगणात न्यायची
आणि काहीतरी वेचल्यासारखं वाकायची.
मग मला कळलं,
चादर बदलताना उशीखाली
चोरेकचे कडक काठ सापडले तेव्हा.
मी बोलले नाही.
दुसऱ्या दिवसापासून काठ कापून
नुसता मऊ गर चहात भिजवून ठेवू लागले.
दोन महिने सासू-सुनेचं आमचं
तेवढंच बोलणं.

गोर्गानला दुर्बीण घातली ती फार नंतर.

आज तिघे भाऊ नमद्यावर बसलेत,
साखरेच्या भांड्याखाली तो कागद.
हालमुराद, थोरला, म्हणतो तेहरान.
तिथे अन्ननलिका काढून टाकतात,
जठर वर ओढून त्याचीच नवी नळी करतात.
सांगताना तो सदऱ्याची बाही
दंडापर्यंत ओढून दाखवतो.
घोडीचा भाव त्यानं विचारून ठेवलाय,
आम्हाला सांगितलं नाही, पण
कालपासून तिला दोनदा खरारा केला.
मेरदान म्हणतो किरणं. पंचवीस वेळा.
रोज पहाटेची गाडी, संध्याकाळी परत,
डिझेलचा हिशेब त्यानं तळहातावर लिहिलाय.
माझा नवरा धाकटा, त्याला कोण विचारतं,
कागदावर निदान लांबलचक आहे,
याच्या तोंडी एवढंच:
जाळीची नळी बसवू, निदान खाईल तरी.
थोरला असा बघतो
जणू यानं कुदळ मागितली.

फोनवर नणंद रडते, समुद्राकाठच्या गावाहून:
तिला सांगू नका, तिला काही सांगू नका.
सगळे आवंढा गिळतात.
किती सहज उतरतो तो त्यांच्या घशाखाली.
मला राग येतो, मग रागाची लाज वाटते.

डॉक्टरांनी विचारलं होतं,
चहा किती कढत पितात?
मुलं एकमेकांकडे बघत राहिली.
ओठ पोळले नाहीत तर तो चहा कसला,
असं म्हणणारं आमचं घर.
सोळा वर्षं किटलीवरून उतरल्या उतरल्या
तिच्या पियाल्यात मीच ओततेय.
हे मी कुणाला बोलले नाही.
इथे लिहिते.

पडद्यामागून आवाज आला.
बारीक, पण झोपेतला नव्हे.
"त्या तेहराननंतर आडवं झोपता येतं का?"

हालमुरादनं कागद उलटा करून पाहिला.
मागची बाजू कोरी.
"नाही, एजे," मेरदान म्हणाला,
म्हणजे यानं विचारून घेतलं होतं.
"उशा लावून. टेकून. नेहमीसाठी."
"हं," ती म्हणाली.
बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, बराच वेळ गेला.
"आणि मी खाते किती, ते माझ्या सुनेला विचारा."

तिघांनी मान वळवली.
सोळा वर्षांत या नमद्यावरून
माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं.
"सोमवारी चौदा चमचे," मी म्हणाले,
"पातळ भाताचे. काल अकरा.
आज नऊ, त्यातला एक परत आला."

कुणी कुणाशी भांडलं नाही.
"आधी नळी," पडद्यामागून आवाज आला,
"अंगात जोर आला तर तुमची किरणं.
आणि घोडी विकलीस तर
माझ्याशी बोलू नकोस."

थोरल्याला पटलं असं नाही.
तो उठून बाहेर गेला.
मी पियाला भरून खिडकीत ठेवला,
वाफ जाईपर्यंत मोजत उभी राहिले.
"गार केलास?" तिनं विचारलं.
"कोमट."
"गढूळ पाण्यासारखा लागतो," म्हणाली,
आणि अर्धा प्यायली. तोंड वाकडं करत.

मध्यरात्रीनंतर हालमुराद आत आला,
हाताला घोडीचा वास.
चुलीपाशी माझ्यासमोर उभा राहिला,
काय बोलावं ते न सुचून,
मग हळूच विचारलं:
चमचा केवढा?

मी फडताळातून काढला,
पुसला,
त्याच्या तळहातावर ठेवला.